टिटवीचा मोडका पंख

एका जंगलाला एकदा जंगलाचाच कंटाळा आला. म्हणजे आतल्या जनावरांना आला, बरं का बाळांनो. नुसतं हं हं करू नका, नीट ऐका.

कोल्होबा म्हणाला, "चला, माळावरच्या तळ्याकाठी तंबू ठोकू. चार दिवस निसर्गात राहू."

जन्मभर झाडाखाली झोपलेली मंडळी ती! पण निसर्ग म्हटल्याबरोबर हरखली. अस्वलराव निघाले, अस्वलीणबाई निघाल्या, रानडुकराचं अख्खं खटलं निघालं. गाद्या घेतल्या, खुर्च्या घेतल्या. शांतता ऐकायची म्हणून मोठा स्पीकर घेतला.

आता त्या माळावर राहायची एक टिटवी. टिटवीचं घर कसं असतं? नसतंच. उघड्या जमिनीवर चार खडे बाजूला सारते आणि तिथंच अंडी घालते. खडा कुठला आणि अंडं कुठलं, हे तिच्या नवऱ्यालाही पटकन कळत नाही.

अस्वलराव नेमके तिथंच खुंटी ठोकायला आले.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडली, "अहो भावजी, तिथं नको! माझी अंडी आहेत तिथं!"

"वहिनी, जरा हळू," अस्वलराव म्हणाले. "आम्ही शांततेसाठी आलोय." आणि त्यांनी स्पीकर वाढवला.

कोल्होबाचे कान मात्र उभे राहिले. "अंडी? नेमकी कुठं म्हणालात? उद्याच्या न्याहारीचं बघायचंच होतं."



"सांग अजून खरं!" लांबून टिटवा करवादला.

टिटवी धपकन खाली पडली. एक पंख लोंबता सोडला, एक पाय उचलला आणि "मेले गं आई!" करत फरफटत निघाली. वैऱ्याला अंड्यांपासून लांब न्यायची ही त्यांच्या घराण्यातली रीत.

आता मागं धावतील, असं तिला वाटलं. तर टाळ्याच वाजल्या!

"अगंबाई, करमणूकसुद्धा ठेवलीय!" अस्वलीणबाई म्हणाल्या. "अहो, टाका ती खुंटी नि खुर्ची आणा."

कोल्होबानं कसली करमणूक ठेवली होती! पण आयतं श्रेय कोण सोडतो? तो मान लववून म्हणाला, "आमच्यातर्फे, खास पाहुण्यांसाठी, मोडका पंख!"

टिटवी पुढं सरकली. मंडळी खुर्च्या ओढत मागं. ती आणखी लंगडली.

"आम्हाला दिसत नाही!" रानडुक्कर मागून ओरडला.

"विव्हळताना जरा इकडं तोंड करा हो," डुकरीण म्हणाली.

शेवटी तंबूच उचलले. टिटवी तळ्याला वळसा घालून पार पलीकडच्या चिखलात गेली. सगळ्यांनी तिथंच मुक्काम ठोकला. डास होते, घाण वास होता. पण पुढची जागा मिळाल्यावर वासाचं कोण बघतं! इकडं टिटवा गुपचूप अंड्यांवर जाऊन बसला.

कोल्होबा टिटवीच्या कानाशी लागला. "वहिनी, त्या अंड्यांचं राहिलं. मी जरा जाऊन बघून येतो."

"या की," टिटवी लंगडता लंगडता म्हणाली. "पण तुम्ही गेलात की मी थांबणार. मग मंडळी कुणाला नाचायला लावतील?"

कोल्होबा मुकाट्यानं खाली बसला.

चार दिवसांसाठी आलेली मंडळी हलेचनात. टिटवी रोज पडायची, रोज विव्हळायची. एका सकाळी पलीकडून टिटव्याची हाक आली. अंडी फुटली होती. काडीसारख्या पायांची पिल्लं माळावर तुरुतुरु पळत होती. टिटवीनं पंख झटकला आणि ती सरळ उडून गेली.

"म्हणजे हिला काही झालंच नव्हतं?" अस्वलीणबाई संतापल्या. "शुद्ध फसवणूक! कोल्होबा, आता तुम्ही लंगडा. आणि हे बघा, खरं वाटलं पाहिजे हं."

अस्वलरावांनी खुंटी ठोकायचा दगड हातात घेतला. कोल्होबा असा काही लंगडला म्हणता!

तात्पर्य : बाळांनो, खरं जरूर बोलावं. पण घर वाचवायचं असेल, तर आधी नीट लंगडायला शिकावं.