हेडलीची पिशवी

"माझी बाटली फ्रिजमध्ये कुणी ठेवली?"

नेरिडाचा आवाज चढला, तशी मेलबर्नच्या त्या प्रयोगशाळेतली कुजबुज थांबली. तिच्या हातात बोटभर काचेची बाटली होती. काल तिच्यात पाण्यासारखं नितळ तेल होतं, आज पांढराफटक गोळा. आणि त्या गोळ्याच्या पोटात कुठेतरी डनार्टचा गर्भ. डनार्ट म्हणजे उंदराएवढं, कांगारूसारखं पोटाला पिशवी असलेलं जनावर, त्याचा गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा. असा ऐन जन्माआधीचा गर्भ तिला अख्ख्या हंगामात एकच मिळाला होता. त्यातलं पाय घडवणारं प्रथिन चमकेल असं रंगवून, पाणी काढून, दालचिनीच्या वासाच्या तेलात ठेवून तिने तो आरपार दिसेल इतका पारदर्शक केला होता. आज दुपारी सूक्ष्मदर्शकावर तिची पाळी. उद्या ते यंत्र दुरुस्तीला जाणार, आणि तिचा प्रबंध त्याच्यासोबत खड्ड्यात.

"मी ठेवली," प्रोफेसर हेडली ट्रेस्कॉट म्हणाला. "मोलाची वस्तू, म्हटलं थंड जागी राहू दे."

"हेडली, हे तेल थंडीत गोठतं! तूच शिकवलंस ना मला?"

"शिकवणं वेगळं, लक्षात ठेवणं वेगळं. गरम पाण्यात बुडवू?"

"आणि एकदम तापून आत बुडबुडे सुटले म्हणजे? फोटोत गर्भाऐवजी फेस दिसेल. मंद ऊब हवी, सगळीकडून सारखी."

हेडलीने शर्टाची वरची बटणं सोडली आणि बाटली सरळ काखेत मारली.

"शी!" नेरिडा म्हणाली. मग जरा विचार करून, "हलू नकोस."

पण विभागाची बैठक होती.

"दांडी मार ना!"

"मी नसलो तर विरोध कोण करणार?"

हेही खरंच. विषय होता खुर्च्यांच्या कापडाचा रंग. गर्भात हात कसा उगवतो हे बघू शकणाऱ्या माणसांना खुर्चीच्या रंगासाठी कोंडून ठेवणाऱ्यांना हरामखोर सोडून दुसरा शब्द नाही. नेरिडा पहाऱ्याला मागच्या रांगेत बसली.

अध्यक्षा मॅक्सीन प्रुइट हवेत वास घेत म्हणाली, "दालचिनीचे बन कुणी आणलेत? लपवताय काय, काढा की!"

कुणी काही काढेना. "बरं. मोहरीच्या रंगाच्या विरोधात कोण?"

आयुष्यभराची सवय. हेडलीचा उजवा हात ताडकन वर गेला.

"हेडली, हात!" नेरिडा मागून किंचाळली.

बाटली सुटली, बरगड्यांवरून घसरली आणि पट्ट्यावर, ढेरीपाशी येऊन अडकली. हेडलीने दोन्ही हातांनी पोट धरलं.

"काय रे, कळा येतायत?" मॅक्सीनने विचारलं.

"अजून नाही."

"मग बोल. तुझं नेहमीचं भाषण होऊन जाऊ दे."

हेडलीने नुसती नकारार्थी मान हलवली. उभं राहिलं की बाटली फरशीवर, हे त्याला कळत होतं. भाषणच नाही म्हटल्यावर बैठक चुटकीसरशी आटोपली आणि मोहरीचा रंग एकमताने मंजूर झाला.

बाटली बाहेर आली तेव्हा तेल पुन्हा नितळ होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाशाची पातळ पात गर्भातून सरकू लागली आणि पडद्यावर हिरवे पुढचे पाय उजळले. बोटं होती, बोटांना नख्या होत्या. मागचे पाय मात्र नुसते कोंब. जन्मताच या जिवाला आईच्या केसांतून सरपटत पिशवी गाठायची असते, म्हणून शरीराने पुढचेच पाय आधी घडवून तयार ठेवले होते. कुठे चिरफाड नाही, काप नाही. अख्खा जीव आरपार दिवा लावल्यासारखा.

हेडली हे आयुष्यभर बघत आला होता, तरी चष्मा पुसायला लागला.

"एकही बुडबुडा नाही," नेरिडा हळूच म्हणाली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "प्रबंधात काय लिहू? तेल कशाने वितळवलं?"

"शरीराच्या मंद उबेने, असं लिही."

"कुणाच्या? परीक्षक विचारतील."

हेडली शर्टाची बटणं लावत होता.

"प्रौढ नर," तो म्हणाला. "पिशवी ऐनवेळी उगवलेली."