इसूफभाईंचा टेम्पो पासिंगला जातो

चौदा वर्षांत इसूफभाईंनी टेम्पोचा ॲक्सिलरेटर एकदाही पुरता दाबला नव्हता. इंजिनला लागतं, असं त्यांचं म्हणणं. वळसंगला माल पोचवताना एखादा सायकलवाला पुढे निघून गेला, तर ते त्याला हात करत. शेजारी बसलेली त्यांची मुलगी झीनत तेवढ्या वाटेत पुस्तकाची वीस पानं वाचून काढी. तिला गाडी शिकवतानाही त्यांनी एकच धडा दिला होता, "आहिस्ता, बेटा."

त्या सोमवारी आरटीओत टेम्पोचं पासिंग होतं. नापास झाला तर त्यातून माल वाहता येणार नव्हता. ब्रेक, दिवे, सगळं ठीक निघालं. धुराची चाचणी तेवढी उरली. तपासणाऱ्या साहेबांनी मशीनची नळी सायलेन्सरमध्ये खुपसली.

"हां काका, दाबा पूर्ण."

इंजिन नुसतं गुरगुरलं.

"पूर्ण!"

"दाबलंय की, साहेब."

"हे दाबलंय? पायाखाली अंडं ठेवलंय का?"

रांगेतले सगळे हसले. साहेबांनी इसूफभाईंना उतरवून झीनतला बसायला सांगितलं. "ताई, तुम्हाला गाडी येते ना? कुणी शिकवली?"

अंड्याचं ऐकून झीनतचे कान तापले होते. "कुणी नाही. माझी मीच शिकले," ती म्हणाली, आणि तिने पाय खालपर्यंत दाबला.

चौदा वर्षं आत साठलेली काजळी एका दमात बाहेर आली. मागे बापूसाहेबांची शाळेची बस होती, कालच रंगवलेली. आता ती पुढून पिवळी राहिली नव्हती.

"आरं, काय केलंस हे माज्या गाडीचं!"

"धुतो की, बापूसाहेब. लई वेळ न्हाय लागायचा."

लागला. इसूफभाईंनी काचा धुतल्या, मग आरसे, मग ज्यांना काहीच झालं नव्हतं ती चाकंही. बसचा नंबर दोनदा पुकारला गेला, तेव्हा ते वायपर पुसत होते. दोन्ही गाड्यांना पुढच्या महिन्याची एकच तारीख मिळाली.

मेस्त्री शिवपुत्रने निदान केलं. "काका, हळू चालवून चालवून कोंडलीय ती. मोहोळपतुर तिसऱ्या गिअरवर बोंबलत न्या, काजळी झडंल."

"माज्याच्यानं व्हायचं न्हाय ते," इसूफभाई म्हणाले. "ही नेईल. ती आपली आपण शिकलीय की."

झीनत घरी येईपर्यंत पुस्तकात बघत राहिली. एकही पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इसूफभाई उठले नाहीत. झोपेतच गेले.

नातेवाईक म्हणाले, टेम्पो भंगारात घाला. झीनत म्हणाली, आधी पास होऊ दे.

तारखेच्या सकाळी तिने तो तिसऱ्या गिअरवर मोहोळला नेला. इंजिन असं ओरडत होतं, की धाब्यावरची माणसं चहा सोडून बाहेर आली. परतताना धूर विरळ झाला.

साहेबांनी आकडा पाहिला. "पास. काका नाही आले?"

"वारले."

साहेब बराच वेळ नळी गुंडाळत राहिले.

फाटकाबाहेर पडताच झीनतचा पाय आपोआप हलका झाला. एक सायकलवाला पुढे गेला. तिने त्याला हात केला. मागून बापूसाहेबांची बस सारखा हॉर्न देत होती.

"ओ ताई, दाबा की जरा! शाळा सुटायची येळ झाली. असली गाडी चालवायला कुणी शिकवलं तुमाला?"

झीनतने खिडकीतून मान बाहेर काढली.

"अब्बांनी!" ती ओरडली. "माझ्या अब्बांनी शिकवलं!"