थोरल्या सनदेची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. वाचणारास सावध बुद्धी असो, लिहिणाराची लेखणी न कापो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं एका राज्यांत जें वर्तलें तें लिहितों. राज्याचें नांव पुसूं नये. त्या राज्यास तट नाहीं, बुरूज नाहीं. दौलतीचें अवघें गुह्य संगणकांत, तोच कोट, आणि कोटावर पहारेकरी, आणि सनदेवांचून पहारेकरी ठेवूं नये ऐसा दरबारचा दंडक. सनद म्हणजे परीक्षा देऊन मिळतें तें सर्टिफिकेट. सनद मिळाली कीं तिची छबी अंकासकट चव्हाट्यावर लावावी, लोकांनीं वाहवा करावी. आणि तोच अंक त्या पहारेकऱ्याची परवली, कां तर दुसरी लक्षांत कोण ठेवतो! काय म्हणावें या अकलेला!

मुख्य पहारेकरी विसाजीपंत, थोरल्या सनदेचे धनी, श्रावणांत वारले. त्यांचे हाताखालीं उमाबाई सोनटक्के, धाकट्या सनदेच्या, बहुत वर्षें राबलेल्या. पंतांची जागा आपणांस मिळावी हा एकच ध्यास. आणि मग भाद्रपदांत, भर दुपारीं, दाराबाहेर संगणकाचा पडदा होता त्या पहाऱ्याच्या फलकावर अक्षरें उमटलीं, "विसाजीपंत आत." बाईंणीं कळा दाबून पुसिलें, "आपण कोण?" उत्तर आलें, "विसाजीपंत. सनद तपासावी."

बाई धांवत दिवाणसाहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, पंत गेले कीं हो! मी तेराव्यास जेवून आलें." दिवाणसाहेब पान लावीत बोलिले, "जेवलां असाल. सनदेची मुदत आहे, म्हणजे पंत आहेत. आणि थोरल्याचें नांव धाकट्यानें खोडूं नये. आधीं थोरली सनद आणा, मग तोंड उघडा." बाई म्हणाल्या, "म्हणजे आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय!" दिवाणसाहेब हंसले आणि चुना मागूं लागले.

मग बाई अभ्यासास बसल्या, आणि आत जो कोणी होता तो दररोज दुपारीं येत राहिला, आणि कांहीं नेईना, कांहीं मोडीना, फक्त फलकावर पुसे, "बाई, अभ्यास कोठवर आला?" बाईंणीं फलकावर ओढणी टाकली. ओढणीखालून अक्षरांचा उजेड दिसे. हें लिहितांना माझ्याही अंगावर कांटा येतो, खोटें कां सांगूं?

पौषांत बाई थोरल्या परीक्षेंत उत्तीर्ण जाहल्या. पेढे वाटले, जागा मिळाली, दरमहा वेतन वाढलें. सनदेनें बाईंचें कल्याण केलें, हें नाकबूल करणारा लुच्चा. बाईंणीं पहिलें काम पंतांचें नांव खोडिलें, आणि आत सामसूम जाहली. चव्हाट्यावर छबी लागली, अंकासकट. बाईंस परवलीचें भय ठाऊक, तरी त्या मुकाट राहिल्या. इतक्या वर्षांनीं कोणी वाहवा केली, तर कोणाला नको वाटते? छबींत त्या हंसत होत्या.

दुसरे दिवशीं दुपारीं बाई दारीं आल्या, परवली सांगितली, आणि दार उघडेना. शिपाई म्हणाला, "उमाबाई तर मघाशींच आत गेल्या." बाईंणीं ओढणी ओढून काढली. फलकावर अक्षरें होतीं, "उमाबाई आत." बाईंणीं कळा दाबून पुसिलें, "तूं कोण?" उत्तर आलें, "उमाबाई. सनद तपासावी."

दिवाणसाहेबांस बोलाविलें. त्यांणीं अंक ताडून पाहिला, अंक बरोबर निघाला, आणि मग चष्मा सांवरून, ज्या बाईंस वर्षानुवर्षें पाहात आले त्यांचेकडे वळून आदबीनें पुसिलें, "मग आपण कोण?"

तात्पर्य इतकेंच कीं सनदेनें दार उघडतें, यांत संशय नाहीं. आत कोण शिरलें हें माणसानें पाहावें. तो कोट अद्याप उभा आहे, मुख्य पहारेकरी उमाबाई आहेत, कामांत एक चूक नाहीं, दरबार संतुष्ट आहे. आणि दाराबाहेर एक बाई रोज दुपारीं येऊन उभी राहते, तिला कोणी ओळखत नाहीं. लेखनसीमा.