मेश्राम काका आणि कोरी बाटली

आधी नाव सांगते: मेश्राम काका. माझी नोकरी वाचवली ती त्यांनी. मला गोष्ट सांगता सांगता भरकटायची सवय आहे, आणि त्या भरात त्यांचंच नाव राहून गेलं तर मला चैन पडायचं नाही. म्हणून नाव आधी, काय झालं ते नंतर.

लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या बसस्टॉपवर पाऊस लागला की सगळे रेनकोटात गुरफटून उभे असतात. त्या रांगेत एक उंच, शिडशिडीत, साठी ओलांडलेला माणूस नुसत्या सुती शर्टात निवांत भिजताना दिसला, तर ते आमचे काका. छत्रीसुद्धा नाही. मी नवीन आले होते तेव्हा वाटलं, बिचाऱ्यांची परिस्थिती नसेल. नवऱ्याचा जुना रेनकोट घेऊन धावत गेले. काका दोन पावलं मागे सरले.

"दूर ठेव, बाप्पा! अंगाला लावू नको माह्या! उद्या सॅम्पलिंग आहे."

मराठी ऐकून मला रडू यायचंच बाकी होतं. सॅम्पलिंग म्हणजे काय ते मात्र कळलं नाही.

काका मूळचे नागपूरचे. राहायला आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर. वॉटफर्डला एक छोटी कंपनी आहे, ती जागोजागचे माती-पाण्याचे नमुने घेऊन लॅबला पाठवते. काका तिथले सर्वांत सीनियर, आणि त्यांचं हाडवैर रसायनांच्या एका खानदानाशी. पाणी चिकटू नये, तेल चिकटू नये म्हणून माणसानं ही रसायनं बनवली आणि रेनकोटात, नॉनस्टिक तव्यात, पिझ्झाच्या खोक्यात, आग विझवायच्या फेसात घातली. एकदा मातीत उतरली की पिढ्या गेल्या तरी हलत नाहीत. "याला धरता येतं, मारता येत नाही," काका सांगतात. "कोळशाच्या टाकीतून पाणी गाळून धरायचं. मग धरलेलं ठेवायचं कुठं, यावर पुढची मीटिंग."

आणि ही रसायनं मोजायची इतक्या बारीक प्रमाणात, की नमुना घेणाऱ्याच्या रेनकोटातून कणभर पडलं तरी लॅबचं यंत्र बोंब मारतं. म्हणून काका भिजतात. सॅम्पलिंग उद्या असलं तरी आजपासून भिजतात.

माझी त्यांची खरी ओळख झाली धुण्यावरून. एकदा दार वाजलं. काका सुती ओव्हरऑलचं गाठोडं घेऊन उभे.

"जय भीम. लाँड्रीवाला सुगंधी पाणी टाकते कपड्यात, ऐकतच नाही. तू सॉफ्टनर वापरतं का?"

"ते काय असतं?" मी विचारलं.

काकांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं मी काहीतरी फार हुशार बोलले. मी ते कपडे साध्या पाण्यातून सहा वेळा काढले. त्यांनी सहा सांगितलं होतं, म्हणून सहा. सहा झाल्यावर मोजण्यात चूक झाली असेल अशी धास्ती वाटली, म्हणून सातवं.

"सात काहून?" काकांनी विचारलं.

"शंका आली म्हणून."

"नोकरी करतं का?"

मी नववीत शाळा सोडलेली. गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावातून थेट इथे आले ती नवऱ्याच्या, म्हणजे प्रकाशच्या, मागे. तो वेम्बलीच्या एका हॉटेलात कुक आहे. मी म्हटलं, "काका, मला केमिस्ट्री येत नाही." ते म्हणाले, "केमिस्ट्री लॅबला येते. मला घाबरणारा माणूस पाहिजे. बिनधास्त माणसानं आजवर चार साइटी नासवल्या माझ्या."

असं मी घाबरण्याच्या गुणावर नोकरीला लागले. सहा महिने प्रोबेशन.

नियमांची यादी फ्रिजवर लागली. सॅम्पलिंगच्या दिवशी क्रीम नाही, पावडर नाही, काजळ नाही, शाम्पू नाही. नवे कपडे नाहीत. बेकरीच्या कागदात गुंडाळलेलं काही खायचं नाही. वॉटरप्रूफ पेननं लिहायचं नाही; शिसपेन्सिल. दर नमुन्याला नवे हातमोजे. प्रकाश म्हणाला, "बायका नोकरीला लागल्या की नटायला लागतात. तू होतं ते पण पुसायला लागलीस."

मग आम्ही काकांना जेवायला बोलावलं. काका आले ते सरळ स्वयंपाकघरात. आमचा नॉनस्टिक तवा दोन बोटांनी उचलला आणि मेलेला उंदीर धरावा तसा प्रकाशसमोर धरला.

"हा कोणाचा?"

"घरमालकाचा," प्रकाश चक्क खोटं बोलला. बावीस माणसांच्या किचनमध्ये आवाज चढवणारा माझा नवरा!

पुढच्या रविवारी काका ईलिंग रोडवरून लोखंडी तवा घेऊन आले. स्वतः उभं राहून तो तेल-कांद्यानं घासला, तापवला, पुन्हा घासला. पहिली भाकरी चिकटली. दुसरी चिकटली. तिसरी सुटून आली तेव्हा काकांनी टाळी वाजवली.

पण काकांचा खरा जीव कोऱ्या बाटलीत. सॅम्पलिंगला निघताना लॅबचं अगदी शुद्ध पाणी भरलेली एक बाटली सोबत न्यायची. साइटवर तिचं झाकण उघडायचं, ते पाणी दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतायचं, झाकण लावायचं, झालं. ऑफिसात तिला ब्लँक म्हणतात. मी कोरी म्हणते. तिच्यात काही सापडलं, तर समजायचं की घाण विहिरीतली नाही, आपल्याच हातातली आहे. मग त्या दिवसाचे सगळे नमुने बाद. "ती काही करत नाही," काका म्हणायचे, "नुसती संग येते. पण तिच्याशिवाय आपल्या बोलण्याला अर्थ नाही."

हे काकांच्या इतकं अंगात मुरलंय, की कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न: "कोरी काय म्हणते?" मी म्हटलं, खालची बाई माझ्याशी तुसड्यासारखी वागते. "कोरी काय म्हणते? म्हणजे बाकीच्यांशी कशी वागते?" पाहिलं तर ती सगळ्यांशीच तशी वागत होती. मला एकदम बरं वाटलं.

दुसरं त्यांचं वाक्य: "शंका आली की लिही." माझ्या वह्या भराभर संपायला लागल्या.

एकच गोष्ट मला खुपायची. काका आपल्या गाडीत मला नेहमी मागे बसवायचे. गाडी सॅम्पलिंगपुरतीच काढायचे, एरवी बस. पुढच्या सीटवर काहीतरी होतं, त्यावर जुनी सुती चादर, आणि वरून सीटबेल्ट लावलेला. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पुढची सीट भरेल आहे. हात लावू नको." मला वाटलं, कागदपत्रं असतील. मग वाटलं, नाही. आपण नववी नापासच म्हणायच्या, आपल्याला शेजारी कोण बसवणार. ही शंका मात्र मी वहीत लिहिली नाही.

तर आता काय झालं ते. वॉटफर्डच्या पलीकडे एक बंद पडलेलं विमानांचं मैदान आहे. तिथे पूर्वी आग विझवायचा सराव चालायचा, तो फेस वर्षानुवर्षं जमिनीत मुरला. मैदानाला लागून भाजीचे वाफे, लोकांना भाड्यानं दिलेले. तिथल्या बोअरचं पाणी शिंपायचं की नाही, ते आमच्या नमुन्यांवर ठरणार होतं. रॉन नावाचे एक आजोबा कुंपणापाशी उभे राहून दर वेळी विचारायचे, "माझे लीक खाऊ का?" लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा जाडजूड थोरला भाऊ. काका इंग्रजीत उत्तर द्यायचे, "रिझल्ट येईपर्यंत मी तुमच्या लीकला गुड मॉर्निंगसुद्धा म्हणणार नाही."

त्या दिवशी काका बोअरपाशी होते, मी गाडीपाशी. हातमोजे घातले, कोरी काढली. बर्फाची पेटी उतरवायची म्हणून दोन मिनिटं कोरी कुठेतरी ठेवायला हवी होती. खाली चिखल, वरून पाऊस. पुढचं दार उघडलं आणि ती त्या मनाई केलेल्या सीटवर ठेवली. ती घरंगळायला लागली. मग मी चादरीचा घोळ दाबून तिला टेकू दिला. चादर सुती, म्हणजे चालतं, असा माझा हिशेब. हाताखाली काहीतरी गुळगुळीत लागलं खरं. पेटी उतरवली, कोरी घेतली आणि त्याच हातमोज्यांनी झाकण उघडलं.

तीन आठवड्यांनी रिझल्ट आला. कोरीत रसायन. सगळे नमुने बाद. आमची मॅनेजर हेलन म्हणाली, गुरुवारी मीटिंग, कोणाकडून काय चुकलं ते लेखी हवं. माझं प्रोबेशन शुक्रवारी संपत होतं. मला जेवण जाईना. प्रकाश म्हणाला, "गेली नोकरी तर गेली, संगीता." मी म्हटलं, "नोकरी जाईल त्याचं नाही रे. शाळा सोडली ती सोडली. आता दुसऱ्यांदा कोणी म्हणायला नको, हिला जमलं नाही."

काकांनी तपास सुरू केला. माझा साबण हुंगला. प्रकाशला विचारलं, "सकाळी हिचा हात धरला होता काय?" प्रकाश लाजला. माझ्या टिकलीचा गोंद पिशवीत घालून त्यावर शिसपेन्सिलीनं तारीख टाकली. मी घाबरून कबूल केलं, "काका, टाचा फुटल्या म्हणून आदल्या रात्री खोबरेल लावलं होतं." काका वैतागले. "खोबरेल नारळात असते, रेनकोटात नाही. बुधवारी पार्किंगमध्ये ये. सगळं पुन्हा करून दाखव. जसंच्या तसं."

बुधवारी वॉटफर्डच्या पार्किंगमध्ये आमचं नाटक सुरू झालं. काका वही घेऊन उभे. "डिकी उघडली. हातमोजे घातले. कोरी काढली," मी बोलत होते, ते टिपत होते. "मग?" मी थांबले. खोटं बोलायचं मनात आलं होतं, खरं सांगते. पण कोरीपुढे खोटं काय बोलणार! मी पुढचं दार उघडलं. कोरी सीटवर ठेवली. चादरीला हात घातला, आणि ती घसरली.

खाली रेनकोट होता. निळा, बायकांचा, नवाकोरा.

काकांची पेन्सिल थांबली. मला वाटलं, आता ओरडतील. ते फुटपाथच्या कडेला बसले.

"शीलाचा आहे," म्हणाले. शीलाकाकू म्हणजे त्यांच्या मिसेस. तीन वर्षांपूर्वी गेल्या, मी पाहिलेल्या नाहीत. "हॅरोला सेलमध्ये घेतला होता. घालून आरशासमोर उभी. मी म्हटलं, हा गाडीत येणार नाही. ती म्हणे, तुमच्या केमिकलच्या आधी मला सर्दीच मारेल. पण ऐकलं माझं. रविवारी मी साइट पाहायला निघालो की संग यायची. शेजारी बसायची. काही करायची नाही, नुसती बसायची. बारा वर्षं भिजली माह्यासंग, हा कोट खुंटीवर. ती गेल्यावर वाटलं, आता तरी येऊ दे याला गाडीत."

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "काका, चूक माझीच. तुम्ही हात लावू नको म्हणाला होतात."

"काहून लावू नको, ते सांगितलं होतं?"

गुरुवारी मीटिंगमध्ये काकांनी हेलनसमोर अर्धं पान ठेवलं, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं. मग उभं राहून वाचलं. गाडीत रेनकोट न्यायला बंदी आहे. ही बंदी मी लिहिली. तीन वर्षं मीच ती मोडली. संगीतानं हात सुती कापडाला लावला. खाली काय आहे ते तिला सांगितलेलं नव्हतं. कुठे चुकलं ते सापडलं, कारण तिनं काही लपवलं नाही.

"तीन वर्षं? आणि एकदाही कोरी खराब आली नाही?" हेलननं विचारलं.

"कोणी हात लावला नव्हता," काका म्हणाले. "मीपण नाही."

हेलन शीलाकाकूंना ओळखत होती. तिनं चष्मा काढून पुसला, उगाचच बराच वेळ. मग म्हणाली, नमुने पुन्हा घ्या. आणि शुक्रवारी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. मी ते सात वेळा वाचलं.

दुसऱ्या वेळी कोरी स्वच्छ आली आणि बोअर घाण. कौन्सिलनं वाफ्यांवर नळाचं पाणी आणलं, वरची माती उचलायचं ठरलं, कोळशाची टाकी बसतेय. रॉन आजोबांचे लीक गेले. त्यांनी काकांना शिव्या दिल्या, मग चहा दिला. काकांनी आधी कप निरखला.

त्या दुसऱ्या सॅम्पलिंगच्या सकाळी मी सवयीनं मागचं दार उघडलं. काका म्हणाले, "पुढं बस."

पुढची सीट रिकामी होती. मीटिंगच्याच संध्याकाळी निळा कोट त्यांनी माझ्या हवाली केला होता. "तुझ्या कपाटात राहू दे. धुऊ नको. तसंही त्यातलं काही जात नाही." मी बसले. बेल्ट लावला. हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. वॉटफर्ड मागे पडलं. शेवटी विचारलं, "काका, मी काय करू?"

"काही नको," ते म्हणाले. "नुसती बस."

मी सध्या गाडी शिकतेय. लेखी परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले, डिक्शनरी उशाशी घेऊन. लायसन्स हातात आलं की सॅम्पलिंग नसलेल्या एका रविवारी मी काकांना शेजारच्या सीटवर बसवून समुद्रावर नेणार आहे. तिथे पाऊस लागेलच. या देशात तो चुकत नाही. मग शीलाकाकूंचा निळा कोट त्यांच्या खांद्यावर टाकणार आहे. ते ओरडतील. ओरडू देत. मला हे जमेल का, अशी शंका येते अधूनमधून, म्हणून इथे लिहून ठेवलं.