मास्तरांच्या वहीतली रिकामी ओळ

ओरिहारा मास्तरांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्यांच्या पत्नी फुमिए काकू हिनोउराच्या नगर कार्यालयात आल्या, तेव्हा कुवाबारा डबा उघडून बसला होता. त्याने घाईने झाकण लावलं.

"जेवून घे आधी," काकू म्हणाल्या. "मास्तर काही पळून जात नाहीत आता."

त्यांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक कॅसेट आणि एक निळ्या पुठ्ठ्याची वही.

कुवाबारा हा कार्यालयातला कर्ण्यांचा माणूस. गावभर बेचाळीस खांबांवर कर्णे होते. हरवलेली मांजर, वादळाची सूचना, कोण गेलं, अंत्यविधी कुठे, हे सगळं त्याच्या हातून गावाच्या कानावर पडे. दर शनिवारी दुपारी मात्र कर्णे मास्तरांचे असत. एकतीस वर्षं त्यांनी गावाला गावाचीच गोष्ट सांगितली. धक्का कोणी बांधला, कुठलं घराणं कुठल्या बेटावरून आलं, कुठल्या वर्षी मासे आलेच नाहीत आणि लोकांनी काय खाऊन दिवस काढले. त्यांचा शब्द गावात कोणी खाली पडू देत नसे. एक बाब सोडून.

ती बाब म्हणजे देवळामागचा दगड. देऊळ डोंगरावर, एकशे शहाऐंशी पायऱ्या. दगडावर पूर्वजांनी कोरलं होतं की समुद्र मागे हटला की अठरा मिनिटांत लाट गावावर येते, वर चढा, काही आणायला परतू नका. मास्तर दरवर्षी त्याचा सराव घेत. कर्ण्यावरून त्यांची कॅसेट वाजे आणि ते स्वतः दगडापाशी घड्याळ आणि निळी वही घेऊन उभे राहत. गाव घरी बसून त्यांचा आवाज प्रेमाने ऐके.

कुवाबाराने वही उघडली. शेवटची नोंद मास्तर जाण्याच्या महिनाभर आधीची होती. 'अकरा जण, पैकी एक कुत्रा. एकोणतीस मिनिटं. शेरा: कुत्रा पहिला आला.' त्याखाली या वर्षाचं साल काकूंनी स्वतः लिहिलं होतं. पुढची ओळ रिकामी होती. नगराध्यक्ष सेराता यांनी यंदा सराव रद्द केला होता. जिथे कोणी येत नाही तो कार्यक्रम कशाला, असं त्यांचं म्हणणं.

"त्यांचं मागणं एकच होतं रे," काकू म्हणाल्या. "एकदा सगळं गाव वर आलेलं बघायचं. तेवढं राहिलं."

"उद्या श्राद्धाला येतील की वर देवळात, काकू."

"एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला नऊ आले होते. लोकांचे गुडघे दुखतात." त्या उठल्या. "मी तीनशे मांजू सांगितलेत."

"तीनशे?"

"सूनबाईनं पण अशाच तोंडानं विचारलं."

मांजू म्हणजे लाल घेवड्याचं गोड पुरण भरलेले वाफवलेले गोळे. नऊ माणसांत तीनशे मांजू, हा हिशेब कुवाबाराने मनातल्या मनात केला आणि ठरवलं की विधीआधी मास्तरांचा आवाज गावाला ऐकवायचाच. लोकांना आठवण होईल, चारजण जास्त येतील.

ऐकल्याशिवाय काही लावायचं नाही, हा कार्यालयाचा नियम होता. कुवाबाराने कॅसेट ऐकायला घेतली. बोनितो मासा सुकवण्याची पद्धत गावात कोणी आणली, त्याची ती गोष्ट होती. पाचव्या मिनिटाला मास्तर खोकले आणि "क्षमा करा" म्हणाले, नेहमीसारखे. कुवाबाराला पुढे ऐकवेना. त्याने यंत्र बंद केलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर बारा पन्नासला त्याने कॅसेट लावली, खोलीला कुलूप घातलं आणि काळा कोट चढवून पायऱ्या चढू लागला. मास्तर बेचाळीस खांबांवरून बोनितोबद्दल बोलत होते. एकच्या सुमाराला तो वर पोचला. देवळात भटजी, काकू, मुलगा, सून आणि आणखी पाचजण होते. मांजूंच्या पेट्या भिंतीला लावून रचल्या होत्या.

एक वाजून चार मिनिटांनी बोनितोची गोष्ट संपली. क्षणभर खरखर झाली. मग भोंगा वाजला.

"मी ओरिहारा बोलतोय," मास्तर म्हणाले. "समुद्र मागे हटलाय. हातातलं काम ठेवा आणि वर चढा. आत्ता."

मास्तरांनी आयुष्यात कोरा कागद विकत घेतला नव्हता. टिपणं ते भरतीओहोटीच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर लिहीत. कोरी कॅसेट तरी कशाला घेतील? बोनितोची गोष्ट त्यांनी सरावाच्या जुन्या कॅसेटवर भरली होती. 'हा केवळ सराव आहे' हे सुरुवातीचं वाक्य गोष्टीखाली गेलं होतं. बाकीचं शाबूत होतं.

कुवाबारा बूट न घालता पायऱ्यांकडे धावला. साठेक पायऱ्या उतरला तेव्हा खालून गाव वर येताना दिसलं. सगळ्यात पुढे न्हावी मोगामी होता. त्याच्या पाठीवर मासे सुकवणाऱ्या ओत्सुरू आजी होत्या आणि मागे अर्धी दाढी झालेलं, गळ्यात टॉवेल असलेलं गिऱ्हाईक.

"अरे ए, खाली कुठे निघालास?" आजी पाठीवरून म्हणाल्या.

"आजी, काही झालेलं नाही. जुनी कॅसेट आहे ती."

"मास्तर म्हणाले वर चढा."

"मास्तरांना जाऊन वर्ष झालं."

"म्हणूनच तर. गेलेला माणूस उगाच तोंड उघडत नाही."

"माझ्या फोनवर तर काहीच आलं नाही," गिऱ्हाईक धापा टाकत म्हणालं.

"फोन तुझ्या एकट्याचा. मास्तर सगळ्यांचे. चढ."

"मला मशीन बंद करायचंय," कुवाबारा म्हणाला. "वाट सोडा, जाऊ द्या."

तेवढ्यात पायथ्याच्या कर्ण्यावरून मास्तर शांतपणे म्हणाले, "विसरलेल्या वस्तूसाठी परत फिरू नका. दरवर्षी एक शहाणा परत फिरतो. दिसला तर धरून वर आणा."

दोन मच्छीमारांनी कुवाबाराला दोन्ही दंडांना धरलं.

"ऐकलंस ना?" एकजण म्हणाला. त्याचा आवाज कठोर नव्हता.

एक वाजून वीस मिनिटांनी शेवटचा माणूस वर आला. ते नगराध्यक्ष सेराता होते. त्यांच्या एका पायात कार्यालयातली सपात होती, दुसरा पाय उघडा होता. सगळ्यांनी समुद्राकडे पाहिलं. तो जागेवर होता. दोन होड्या सावकाश डुलत होत्या.

कुवाबारा पुढे झाला आणि कमरेत वाकला. "लाट नाही. अर्धीच कॅसेट ऐकून लावली मी. चूक माझी आहे."

देवळाच्या अंगणात, कड्यावर, थडग्यांच्या मधल्या वाटांवर माणसं उभी होती. भोंगा थांबला होता. मास्तर शेवटचं बोलत होते. "सगळे आलात? शेजारी कोण नाही ते बघा. आता दगडाला हात लावा."

लोकांनी शेजारी पाहिलं. मग, कोणी न सांगता, रांग लागली. अर्ध्या दाढीवाल्याने हात लावला, आजींनी पाठीवरूनच वाकून लावला. सेराता यांचीही पाळी आली.

"उद्या लेखी खुलासा द्या," ते कुवाबाराला हळूच म्हणाले आणि त्यांनी दगडावर तळवा टेकवला. तो त्यांनी बराच वेळ उचलला नाही.

"म्हणजे श्राद्ध व्हायचंय ना अजून?" ओत्सुरू आजींनी विचारलं. भटजींनी घंटा वाजवली. अंगणभर हात जोडले गेले.

विधी झाल्यावर सूनबाईने सुरी मागवली. तीनशे मांजू कमी पडत होते. प्रत्येकाचे दोन तुकडे करून वाटले, शेवटी सात अर्धे उरले.

कुवाबारा पायरीवर बसला होता. काकू वही घेऊन शेजारी येऊन बसल्या.

"काकू, तुमच्या दिवसाचा मी तमाशा केला."

"आकडा सांग."

"पाचशे त्र्याण्णव." त्याने वाटलेल्या मांजूंचा हिशेब पुन्हा जुळवला. "कुत्रा धरून. त्यालाही अर्धा दिला सूनबाईंनी."

"मिनिटं?"

त्याने सवयीने घड्याळ पाहिलं होतं. "सोळा."

काकूंनी दगडाकडे पाहिलं. पेन काही वेळ कागदावर नुसतं टेकलेलं राहिलं. मग त्यांनी आकडे लिहिले, शाई वाळू दिली आणि वही व पेन त्याच्यापुढे केलं.

"शेरा तू लिही. ते असते तर काय लिहिलं असतं, तेच लिही. लाज बाळगू नकोस."

कुवाबाराने पेन घेतलं. मास्तरांनी काय लिहिलं असतं, ते त्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. त्याने नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'सगळे वर आले. एक कुवाबारा खाली चालला होता. पुढच्या वर्षी सुधारणा अपेक्षित.'