पाचूबंदरातला एकुलता एक गुन्हा

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये पाचूबंदरच्या पन्नाशी उलटलेल्या सॅन्टनच्या होडीचं मशीन भरदुपारी चोरीला गेलं. सॅन्टन रीतसर चौकीवर गेला आणि तिथेच त्याचं चुकलं.

"चोरीला गेलं म्हणू नकोस, गहाळ झालं म्हण," हवालदार रामनाथ मायेने म्हणाले. "चोरी लिहिली की गुन्हे वाढतात. गहाळ लिहिलं की फक्त तुझं मशीन कमी होतं."

"सायेब, मशीन हाय ते! खिशातला रुमाल नाय गळून पडायला."

जी नोंदवली गेली तीच चोरी, अशी हवालदारांची शास्त्रशुद्ध व्याख्या होती. या व्याख्येमुळे हद्दीत चौदा महिने एकही चोरी झाली नव्हती आणि चौकीच्या इन्स्पेक्टरसाहेबांचं नाव पदकासाठी वर गेलं होतं. सॅन्टनने 'गहाळ'वर सही केली.

होडी किनाऱ्यावर पडून राहिली. सॅन्टनची बायको ग्रेसी तीन आठवडे दुसऱ्यांची मासळी डोक्यावर वाहत फिरली आणि फिरताना चौकशी करत राहिली. अखेर सातिवलीच्या एका गोदामात मशीन सापडलं. ते उचलणारा शत्रुघ्नही सापडला. नवरा-बायकोने दोन्ही ऐवज टेम्पोत घालून चौकीवर आणले.

रामनाथांना घाम फुटला. "चोरी झालीच नाही, तर चोर कुठून आणलास?"

"साहेब, मीच उचललं," शत्रुघ्न कबूल झाला.

"गप बस! तुला ते सापडलं."

गहाळ वस्तू ज्याला सापडते तो प्रामाणिक नागरिक. म्हणून 'चोरीमुक्त बंदर' समारंभात शत्रुघ्नचा सत्कार ठरला. हार मालकानेच घालायचा, मग मशीन न्यायचं.

रविवारी शत्रुघ्नने नम्रपणे मान पुढे केली. सॅन्टनने हार उचलला. समोर ग्रेसी उभी होती, टोपल्या वाहून मान आखडलेली.

"चोर हाय हा! आनि तुमी त्याचे बाप!" म्हणत त्याने हार भिरकावला, तो थेट इन्स्पेक्टरसाहेबांच्या टोपीवर.

सरकारी कामात अडथळा! गुन्हा तिथल्या तिथे नोंदवला गेला. पहिला साक्षीदार शत्रुघ्न. भांडणाचं मूळ म्हणून मशीन मुद्देमालात जमा झालं.

वर्षअखेरीस मुंबईहून समाजशास्त्राच्या अभ्यासक क्षितिजाबाई आल्या. वर्षभरातली एकुलती एक नोंद असलेली नोंदवही पाहून त्यांनी निष्कर्ष काढला: बंदरातले शंभर टक्के गुन्हेगार मच्छीमार असून सर्वांचं वय पन्नाशीपुढचं आहे.

"बाय, काय झालं ते आयक तरी," ग्रेसी त्यांच्यामागे धावली.

"मावशी, मी किस्से नाही, आकडे गोळा करते."

अहवाल वर्तमानपत्रात आला. आठवड्याभरात विरारच्या एका नव्या सोसायटीने मासळीवाल्यांना फाटक बंद केलं. ग्रेसी टोपली घेऊन बाहेर उभी राहिली.

"तुमच्यावर व्यक्तिशः संशय नाही हो," सेक्रेटरी श्रीरंग सौजन्याने म्हणाले. "पण आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडा कोनी लिवला, ते इचारलं का?"

श्रीरंगांनी कडी लावली. माणूस सुशिक्षित होता. त्यांच्या जागी आपण असतो, तर आपणही लावली असती. छापून आलं होतं ना!