पाणी घालवायला आलेला जावई

सासऱ्यांच्या तळघरात पाणी साचलं आणि जावयाचं नशीब उघडलं. निदान त्याला तसं वाटलं. सासरे तिथेच पुस्तकबांधणी करत. जावई करायचा तो जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास हा त्यांच्या मते धंदा नव्हता, दुखणं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी जावई काय करतात असं कुणी विचारलं की ते विषय बदलत. बिचारा आज एकदाचं स्वतःला सिद्ध करायला गमबूट घालूनच आला.

"पाइप फुटलाय का?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही बाबा. हे अधांतरी पाणी. खरं भूजल पार खाली असतं. मध्ये चिकणमातीचा थर आहे, ताटासारखा. मुरलेलं पाणी त्यावर अडलंय. ताटाला भोक पाडलं की सगळं खाली!"

"नक्की?"

"लिहून देतो."

"लिहू नका, बघून करा. इथली सगळी पुस्तकं गिऱ्हाइकांची आहेत."

त्याने हाताने फिरवायचं लांब गिरमिट जमिनीत घातलं. दोन फुटांवर ताट संपायला हवं होतं. चार फूट झाले, सहा झाले, चिकणमाती काही संपेना. शहाण्याने इथेच थांबावं. पण सासरे बघत असताना कुठला जावई थांबतो? दहाव्या फुटाला गिरमिट सटकन आत गेलं.

"गेलं खाली!" तो ओरडला.

पाणी वर आलं. चांगलं कमरेएवढं कारंजं.

"जावईबापू, हे उलटं चाललंय!"

"बाबा... ते ताट नव्हतं. झाकण होतं. खालचं पाणी दाबात कोंडलेलं होतं."

"आणि तुम्ही ते उघडलंत."

मग सासू, बायको, शेजारीण अशी जिन्यावर रांग लागली आणि पुस्तकं हातोहात वर गेली. एकही भिजलं नाही. जावई तेवढा नखशिखान्त भिजला. प्लंबरने भोकात पाइप ठोकला, तेव्हा पाणी पंपाशिवाय थेट स्वयंपाकघरापर्यंत चढलं. सासूने पेलाभर पिऊन पाहिलं आणि बादली लावली.

सकाळी शेजारीण दारात हजर. तिची विहीर चार वर्षं कोरडी होती.

"आमच्याकडचं पाणी घालवायला कधी येताय?"

जावई ओशाळला. "खरं सांगू का, माझी चूक—"

"त्यांना सवड नसते," सासरे घाईघाईने मध्ये पडले. "आमचे जावई भूजलातले तज्ज्ञ आहेत. आधी माझ्याशी बोलायचं."